भट्टीकडची टोपी

लग्नाच्या स्वयंपाकात दोन बाजू असतात. एक भट्टीची, दुसरी पोळपाटाची. भट्टीकडे पुरुष, आणि त्यांच्याकडे वरण, भाजी, भात, तळण, गोड. पोळपाटाकडे बाया, आणि त्यांच्याकडे कणीक, पोळ्या, पुऱ्या, निवडणं-चिरणं. मधे पाण्याचे ड्रम आणि कांद्याची पोती. नागपुरात लॉनवरची लग्नं आली, लाकडं जाऊन गॅसच्या भट्ट्या आल्या, तरी ही मधली हद्द काही हलली नाही. मी या धंद्यात पोळपाटाच्या बाजूने शिरलो आणि आज भट्टीच्या बाजूला मुख्य आचारी आहे. दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या संघर्षाविषयी लिहा' असं सांगितलं. संघर्षाचं माप मला येत नाही. शंभर पानांचं येतं, म्हणून तिथून सुरुवात करतो.

पान म्हणजे एक जेवणारा. शंभर पानांना तांदूळ आठ किलो, तूरडाळ साडेतीन, वांगी-बटाटे मिळून पंधरा, कणीक दहा. हे झालं कोणीही सांगेल असं माप. खरा प्रश्न, जेवणार कोण? कुही-भिवापूरकडचं वऱ्हाड असेल तर तांदूळ बारा किलो धरा आणि कणीक कमी करा. धानाच्या मुलखातला माणूस भात येईपर्यंत हात राखूनच बसतो. सावनेर-काटोलकडचं वऱ्हाड असेल तर उलट. त्यांना पोळी कमी पडली तर ती गोष्ट नातवंडांपर्यंत जाते. आणि पाचशे पानांचा स्वयंपाक म्हणजे शंभराच्या पाचपट नव्हे. मोठ्या गंजातलं, म्हणजे पातेल्यातलं, पाणी कमी उडतं म्हणून ते घालायचंही कमी, त्यामुळे मीठ-तिखट पाचपट टाकलं तर वरण कोणाच्या घशाखाली उतरणार नाही. हे हात बसल्यावर कळतं. लोक म्हणतात, आचाऱ्याचा अंदाज. अंदाज म्हणजे पुष्कळ वेळा केलेला हिशेबच असतो, फक्त तोंडाने बोलून दाखवलेला नसतो.

पोळपाटाच्या बाजूने शिरलो त्याचं कारण साधं आहे. मी मुलगी म्हणून जन्मलो. जुनं नाव इथे देत नाही, ते आता कोणाच्या कामाचं नाही. गाव कन्हान. वडील कोळसा खाणीत होते आणि लवकर गेले. मोठा भाऊ, माझा दादा, त्यांच्या जागी खाणीत लागला. आम्ही दोघंच भावंडं. माय लग्नकार्यात पोळ्या लाटायला जायची, आणि माझ्या हाताला लाटणं पेलायला लागलं तशी मलाही सोबत नेऊ लागली.

मी मुलगी नाही हे मला फार लवकर कळलं. कसं कळलं ते सांगणं अवघड आहे. डावखुऱ्या माणसाला विचारून पाहा, डावा हात तुला आपला कधीपासून वाटायला लागला? तो हात दाखवेल, तारीख सांगणार नाही. माझ्यासारख्यासाठी गावात शब्द होते, पण ते शिव्यांमधले. पारलिंगी पुरुष हा नीट शब्द मिळाला तेव्हा माझे केस पिकायला लागले होते. तोपर्यंत मी बिनशब्दाचाच राहिलो. फ्रॉक घातला, ओढणी घेतली, पोळ्या लाटल्या. माझ्या पोळ्या गोल व्हायच्या, पण एका बाजूने जाड. मायच्या शेजारी बसणाऱ्या बाया हसायच्या, "अवं, हे पोळी हाय का रोडगा?"

आता आमच्याकडची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. शेवटची पंगत उठली की यजमान स्वतः स्वयंपाकाकडे येतो. मुख्य आचाऱ्याला गंध लावतो, डोक्यावर पांढरी टोपी घालतो, खांद्यावर दुपट्टा टाकतो आणि हातात नारळ देतो. यजमानीण पोळपाटाकडे जाते, बायांना हळदीकुंकू लावते आणि खणानारळाने ओटी भरते. मजुरीचा याच्याशी संबंध नाही. हा मान. चांगला स्वयंपाक करूनही मान न मिळता परतलेला आचारी वर्षभर तेच सांगत फिरतो.

मी मायच्या शेजारी ओढणी पसरून उभा राहायचो. ओटीत तांदूळ आणि खण पडायचा, आणि दुसऱ्याच्या नावाचं पार्सल आपण सही करून घ्यावं तसं मला वाटायचं. देणारीचा दोष नव्हता. पत्ताच चुकलेला होता. माझी नजर पलीकडे असायची, ड्रमांच्या वरून, भट्टीकडच्या टोपीवर.

ती टोपी वामनरावांच्या डोक्यावर असायची. वामनराव आमचे मुख्य आचारी. बुटका माणूस, बोलणं तुटक, आणि टोपीचा काठ तेलाने पिवळा झालेला. कामठीच्या एका लग्नात मी हिंगाची डबी आणायला कोठीत गेलो. कोठी म्हणजे कार्यात शिधासामान ठेवायची खोली. आत खुंटीला वामनरावांची टोपी अडकवलेली होती. मी ती काढली आणि घातली. तिथे आरसा नव्हता. लागलाही नाही. कपाळावर तो कडक काठ बसला आणि मला एकदम ऐसपैस वाटलं, आखूड सदरा काढून मापाचा घातल्यावर खांद्यांना वाटतं तसं.

हिंग का येत नाही म्हणून वामनराव स्वतः दारात आले. मी टोपी काढायची विसरून तसाच उभा राहिलो.

"माही टोपी हाय ते," वामनराव म्हणाले.

"हो जी."

"दुसऱ्याची घालू नये. आन बजारातून इकतही घेऊ नये. यजमानानं घालून द्या लागते." त्यांनी माझ्या डोक्यावरून टोपी काढून घेतली, हिंगाची डबी घेतली आणि जाता जाता म्हणाले, "कोरी टोपी आचाऱ्याची नसते. तेलकट व्हा लागते."

मुलीला टोपी कशाला पाहिजे, हे त्यांनी विचारलं नाही. तो प्रश्न न विचारणारा माझ्या आयुष्यातला हा पहिला माणूस. पुढच्याच लग्नसराईत त्यांचा बुंदी पाडणारा गडी ऐन वेळी आला नाही, तेव्हा वामनरावांनी पोळपाटाकडे पाहून मला हाक मारली. "तुह्या पोळ्या तशाही जाड होऊन राहिल्या. भट्टीवर ये." मी ड्रम ओलांडून पलीकडे गेलो आणि झारा हातात घेतला. बुंदीचं पीठ झाऱ्यावर एका लयीत आपटावं लागतं. लय चुकली की शेपट्या निघतात. माझ्या शेपट्या निघाल्या नाहीत. बायांच्या बाजूने कोणीतरी ओरडलं, "आता मिशा फुटतीन वं तुले!" सगळ्या हसल्या. मिशा फुटल्या. फक्त वेळ लागला.

घरी सांगितलं तेव्हा दादा बोलला, आणि एकदाच बोलला. "या घरात मले एक बहीण हाय. ते नसन, त कोनीच नाही." मी पिशवी घेतली आणि नागपूरला वामनरावांकडे आलो. त्यांनी राहायला कोठी दिली. मायने दादाला उघड विरोध केला नाही, पण बहिणीकडे जाते असं सांगून ती नागपूरला येत राहिली. माझं सुधाकर हे नाव तिनेच ठेवलं. मुलगा झाला असता तर हेच ठेवायचं ठरलं होतं, म्हणाली. ठरलेलं नाव वाया जाऊ नये एवढंच तिचं म्हणणं.

दवाखान्याचं फार लिहीत नाही. एका डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं की तुमच्यात बिघडलेलं काही नाही, तुम्ही एकटेही नाही. मी विचारलं, मग आम्ही किती जण? त्यांना नेमका आकडा सांगता आला नाही. मला तेवढी एक गोष्ट खटकली, बाकी सगळं पटलं. पुढे इंजेक्शनं झाली, ऑपरेशन झालं, आवाज उतरला, कागदांवरचं नाव बदललं. त्या बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. लोकांनी तुम्हाला मानण्याची वाट पाहू नका, आधी तुम्ही स्वतःला माना. मी म्हणालो, ते तर कामठीच्या कोठीतच झालं. त्यांना काही कळलं नाही, मग टोपीची गोष्ट सांगावी लागली.

वामनराव थकले आणि भट्टी माझ्याकडे आली. धंदा तोंडातोंडी चालतो, तशी माझी हकीकतही तोंडातोंडी चालली. आचारी चांगला हाय, पण तो आधी बाई होता म्हणतात. नागपुरातल्या लग्नाघरी दोन्ही गोष्टी एकाच दमात पोचायच्या. धरमपेठेतले एक निवृत्त साहेब मला घरी बोलावून फार सभ्यपणे म्हणाले की तुमची माणसं पाठवा, सामानाची यादी द्या, फक्त तुम्ही स्वतः येऊ नका, आमच्याकडे जुन्या वळणाची मंडळी आहेत. मी त्यांना विचारलं, मीठ कोण टाकेल? ते म्हणाले, तुमचा कोणीही माणूस टाकेल. मी म्हणालो, सहाशे पानांच्या वरणात मीठ टाकायला मी अजून कोणाला शिकवलेलं नाही. नमस्कार करून उठलो. संध्याकाळी त्यांच्या बायकोचा फोन आला की तुम्हीच या. भर लग्नसराईत आचारी मिळणं नवरदेव मिळण्यापेक्षा कठीण असतं, हे त्या माउलीला साहेबांपेक्षा लवकर कळलं होतं. जुन्या वळणाच्या मंडळींनी वडाभात तीन-तीनदा मागून घेतला.

एकदा उमरेड रोडच्या लॉनवर किन्नर मंडळी बधाई मागायला आली. पुढे वाजवणं-गाणं झालं, आणि त्यांच्यातल्या वयस्कर गुरू पाणी मागत मागच्या बाजूला भट्टीपाशी आल्या. मी वडे काढत होतो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यांची नजर डॉक्टरांपेक्षा पक्की असते.

"काय गा आचारी, तू आमच्यातलाच दिसून राहिला."

"तुमच्यातला नाही जी. तुमच्या शेजारचा."

त्या इतक्या जोरात हसल्या की पोळपाटाकडच्या बायांनी लाटणी थांबवली. "शेजारी हायेस त दोन वडे जास्तीचे टाक." मी खुर्ची दिली, पान वाढलं. जेवताना त्या म्हणाल्या की आम्ही दारात उभं राहिलो की लोक भितात, आन तू तर थेट चुलीपाशी जाऊन बसला. निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि हाताला रुमाल लागला तशा थबकल्या. मी तेव्हा डोक्याला रुमाल बांधायचो. "टोपी काहून नाही गा?" मी म्हणालो, अजून कोणी घातली नाही.

हे पूर्ण खरं नव्हतं. टोप्या मिळाल्या होत्या. वर्धेकडे, भंडाऱ्याकडे, जिथे माझी हकीकत पोचली नव्हती तिथल्या यजमानांनी आनंदाने घातल्या होत्या. त्या मी गड्यांना वाटून टाकल्या. ते लोक मिशीवाल्या एका आचाऱ्याला मान देत होते, मला ओळखत नव्हते. आणि जे ओळखत होते, त्यांची मान द्यायच्या वेळी पंचाईत व्हायची. टोपी घालावी तर कोणी हसेल, ओटी भरावी तर हा रागावेल. मग त्यांनी एक तोड काढली. शाल. शाल बाईलाही चालते, पुरुषालाही चालते, सत्कारमूर्तीलाही चालते. नागपुरातल्या ओळखीच्या प्रत्येक घराने मला शाल दिली. आमच्या मानेवाड्याच्या घरातलं एक अख्खं कपाट शालींचं आहे. मला हवी होती ती टोपी, माझं सगळं ठाऊक असलेल्या माणसाच्या हातची. एवढी साधी मागणी, पण तोंडाने मागता येत नाही. मागून घेतलेल्या मानाला मान म्हणत नाहीत.

माझी बायको शोभा परिचारिका आहे. आमची ओळख ती एका लग्नात 'भाजी खारट आहे' हे सांगायला भट्टीपाशी आली तेव्हा झाली. भाजी खारट नव्हती, तिला ताप होता. पण तिने येऊन तोंडावर सांगितलं ते मला आवडलं. माझं सगळं मी तिला आधीच सांगून टाकलं, तेव्हा ती म्हणाली की ठीक आहे, आता भाजीचं बोला. शाली घडी करून ठेवायचं काम तिच्याकडे असल्याने त्यांच्यावर तिचा राग आहे.

मधल्या काळात माय गेली. मी कन्हानला पोचलो. खांदा द्यायला पुढे झालो तर दादाने हाताने मला बाजूला सारलं. मी नदीपर्यंत सगळ्यांच्या मागून चालत गेलो. त्यावर आणखी काही लिहीत नाही.

दादाची मुलगी रेणू नागपूरला शिकायला आली आणि रविवारी आमच्याकडे जेवायला येऊ लागली. पहिल्या रविवारीच तिने मला काका म्हटलं, आणि ते इतक्या सहज की मी वाढायचं विसरलो. तिचं लग्न सावनेरकडच्या खाप्याच्या मुलाशी ठरलं तेव्हा तिने फोन केला. "काका, स्वयंपाक तुमीच करसान."

मी विचारलं, तुझे बाबा काय म्हणतात?

"मी सांगतलं, काका नसन त लग्न कोर्टात."

"मग?"

"मग ते बोलले, स्वयंपाक करू दे."

दादाच्या वाक्यात काका नव्हता, फक्त स्वयंपाक होता. पण लग्न कन्हानला, यजमान दादा, म्हणजे शेवटच्या पंगतीनंतर भट्टीपाशी येणार तोच. त्याच्या हातात काय असेल? माझं सगळं ठाऊक असलेला आणि सगळं नाकारलेला जगात तोच एक माणूस. मी हे बोललो नव्हतो, तरी शोभाने ओळखलं. सामान बांधताना म्हणाली, "शाल दिली तर तिथेच ठेवून या. घरात जागा नाही."

निरोप रेणूमार्फत यायचे. किती पानं, काय पदार्थ. दादाने कणीक कमी आणि तांदूळ जास्त सांगितला होता, कन्हानच्या हिशेबाने. मी तो आकडा उलटा केला. वऱ्हाड खाप्याचं, म्हणजे पोळीचं. पोळपाटाकडे नेहमीपेक्षा जास्त बाया घेतल्या आणि त्यांच्यावर विमलबाईंना नेमलं. विमलबाई माझ्या मायच्या शेजारी लाटायला बसायच्या. मिशा फुटतीन म्हणून ओरडणाऱ्या त्याच.

लग्नाच्या दिवशी सकाळी दादा भट्टीकडे आला. खूप वर्षांनी मी त्याला इतक्या जवळून पाहत होतो. खाणीतून निवृत्त झालेला, पाठीत वाकलेला. तो सामान पाहतोय असं दाखवत उभा राहिला. मी वरणाचा थेंब मनगटाच्या आतल्या बाजूवर टाकून चाखला. तोंडात पळी घालायची नाही म्हणून माय तसं करायची, मी तिच्याकडूनच उचललं. दादा बघत होता. मग त्याने एका टोपलीकडे बोट केलं आणि गड्याला विचारलं की एवढ्या पोळ्या कशाला. गडी माझ्याकडे पाहू लागला. मी गड्यालाच सांगितलं की वऱ्हाड खाप्याचं आहे. दादाने मान हलवली आणि गेला. दोन भावांचं बोलणं झालं, पण एका गड्याच्या आडून.

दुपारी वाजतगाजत वरात आली. आमच्या भागात वऱ्हाड मांडवात आलं की भेटी होतात. नवरीचा बाप नवरदेवाच्या बापाला भेटतो, मामा मामाला, काका काकाला, मावसा मावसाला. गळाभेट, गुलाल, आणि एकमेकांच्या डोक्यावर टोपी, खांद्यावर दुपट्टा. कोण कोणाचा कोण हे सगळ्या मांडवाला त्या वेळी कळतं. एक गुरुजी माइकवर नाती पुकारत होते. मी मांडवाच्या मागे होतो, मला काही दिसत नव्हतं, फक्त भोंग्यातून ऐकू येत होतं. कढईत वड्यांचा घाणा नुकताच सोडला होता.

वडिलांची भेट झाली. मामांची झाली. नंतर गुरुजींनी 'मावसा' पुकारलं. गावातलाच माणूस, त्याला ठाऊक होतं कुठे उडी मारायची. तेवढ्यात भोंग्यातून एक जाड आवाज आला. नवरदेवाचे काका माइकजवळच उभे असावेत.

"आन माही भेट कोनासंग जी? मी टोपी धरून उभा हावो ना."

थोडी खसखस पिकली. मग कुजबुज. कोणीतरी सुचवलं की दादाच्या चुलतभावाला उभं करा, तोही काकाच लागतो. तशी पद्धत आहे, त्यात गैर काही नाही. मी वडे उलटवायला घेतले. हात चालू ठेवलेला बरा असतो अशा वेळी.

भोंग्यात खरखर झाली. आवाज दादाचा होता.

"थांब गा, तू नको." हे त्या चुलतभावाला. मग माइक तोंडाशी नेला असावा, कारण आवाज मोठा झाला. "नवरीचा काका हाय. भट्टीवर हाय. सुधाकर नाव हाय त्याचं. कोनी जाऊन बोलवा त्याले. तवरी भेटी थांबवा."

मी झारा घेऊन तसाच उभा. कढईत वडे, पाठीमागे माणसं धावत आलेली. वडे जळले असते. विमलबाई पोळपाटावरून उठल्या, ड्रम ओलांडून आल्या आणि त्यांनी माझ्या हातातून झारा काढून घेतला.

"जा जी भाऊ. काका हाव तुमी. वडे मी पाहीन."

मांडवात शिरलो तो बनियनवर, एप्रन बांधलेला, हात बेसनाने माखलेले. माणसं बाजूला होत गेली. दादा माइकपाशी उभा होता, त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, फक्त मी पुढे जाईन अशी वाट सोडली. नवरदेवाचे काका धिप्पाड गृहस्थ होते, नवा कोरा सदरा घातलेले. त्यांना काय ठाऊक होतं? खापा ते कन्हान अंतर जास्त नाही, सगळंच ठाऊक असणार. त्यांनी मला मिठी मारली आणि सदऱ्यावर बेसनाचे दोन पंजे उमटले. मग माझा रुमाल सोडून खिशात कोंबला, टोपी माझ्या डोक्यावर घातली, नीट दाबून बसवली आणि कानाशी तोंड आणून विचारलं,

"पोळ्या पुरतीन ना जी? आमी खाप्याचे लोक हावो."

"पुरून उरतीन."

"मंग झालं."

मला रेणू दिसली. तिने हळदीच्या हाताने डोळे पुसले होते आणि सगळा चेहरा पिवळा करून घेतला होता. मी परत भट्टीवर गेलो. विमलबाईंनी वडे नेमक्या रंगावर काढले होते. त्या दिवसापासून आमच्या कामात तळणाचा एक घाणा विमलबाईंचा असतो. हद्द एका बाजूने ओलांडता येते, तर दुसऱ्या बाजूनेही यायला हवी.

पंगती उठल्या. पोळ्यांच्या टोपल्या तळाला गेल्या, पण रिकाम्या झाल्या नाहीत. खाप्याच्या मंडळींनी भाताला हातही लावला नसता, पण वर कुस्करायच्या वड्यांमुळे लावला. शेवटचं पान उचललं आणि मी भट्टीच्या शेगड्या बंद करत होतो, तेव्हा दादा आला. एका हातात गंधाची वाटी, काखेत दुपट्टा, आणि दुसऱ्या हातात पांढरी टोपी.

मी डोक्यावर हात नेला. तिथे एक टोपी होतीच.

"मिळाली ना मले," मी म्हणालो. इतक्या वर्षांत त्याच्याशी थेट बोललेलं ते माझं पहिलं वाक्य.

दादाने ती टोपी माझ्या डोक्यावरून काढली, घडी केली आणि माझ्या खिशात ठेवली. मग बोट गंधात बुडवून माझ्या कपाळाला लावलं. गंध ओघळून नाकावर आलं.

"ते काकाची होती," तो म्हणाला. "हे आचाऱ्याची." आणि दुसरी घातली.

नारळ द्यायचा तो विसरला. वहिनीने नंतर आणून दिला. मी त्याच्या पाया पडायला वाकलो तर त्याने मला मधेच धरलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. सोडल्यावर वरणाच्या गंजाकडे बघत म्हणाला, "मायसारखं झालं होतं." आम्ही दोघांनी मिळून तो गंज खाली उतरवला. रिकामा होता, एकट्यालाही उतरवता आला असता.

ती टोपी मिळाली नसती तरी मी जो आहे तोच राहिलो असतो. ते माझ्या बाजूने कामठीलाच पक्कं झालं होतं. पण टोपी मला हवी होती, फार हवी होती, आणि मिळाली. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्यानंतर नागपुरातल्या ओळखीच्या घरांतूनही टोप्या येऊ लागल्या. बातमी तोंडातोंडी गेली असणार. शोभाने शालींचं कपाट रिकामं केलं, शाली दवाखान्यातल्या बाळंतिणींना वाटल्या.

काकाची टोपी त्याच कपाटात घडी करून ठेवली आहे. रेणूच्या घरच्या कार्याला जाताना घालतो. आचाऱ्याची रोज भट्टीवर असते. परवा दादा कुठल्याशा लग्नाला आला होता, तो मुद्दाम मागे येऊन म्हणाला, "काय गा, धुत नाही का टोपी? काठ पिवळा होऊन राहिला."

मी म्हणालो, होऊ दे.